धारेच्या मागचं लोखंड

कोकणात कोयता बारमाही राबतो. भातकापणी उरकली की सड्यावरचं, म्हणजे कातळी माळावरचं गवत, मग कलमांच्या बागेतली बेणणी, म्हणजे रान-झुडपांची साफसफाई, थंडीत शेत भाजायला, भाजावळीसाठी ऐन-किंजळीचे टहाळ, शिमग्याच्या सुमारास वईची, म्हणजे कुंपणाची डागडुजी, पावसाआधी सरपण. अधेमधे झावळ्या, नारळ, शहाळी, केळीचे घड चालूच असतात. या प्रत्येक कामात पात्यापुढे येणारी वस्तू वेगळी असते. गवताची काडी हलकी आणि लवचिक, ती वाकायच्या आत कापली गेली पाहिजे. झावळीचा देठ धाग्यांचा, ऐनाची ओली फांदी चिवट, आणि वाळलेल्या खैराचा गाभा तर पातं उलट फेकतो. म्हणून सगळ्या कामांना चालेल अशी एकच धार नसते. कोणत्या कामाला कोणती धार, हे ठरल्याशिवाय दगड हातात घेऊ नये.

कोयता बोथट झाला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा नुसती कड गेलेली नसते. कडेच्या मागचं लोखंड जाड झालेलं असतं. पातं पाठीकडे ५-६ मिलिमीटर जाड असतं आणि कडेकडे उतरत जातं. दर वेळी घाईत चार हात मारून कड तेवढी जागी केली, की दर वेळी थोडं लोखंड जातं आणि कड पाठीच्या दिशेने, म्हणजे जाड भागाकडे सरकते. पाच-सहा पावसाळ्यांनंतर त्या पात्याला अंगठ्याच्या नखात रुतेल अशी धार असते, पण फांदीत ते शिरत नाही, आदळून थांबतं. कड कापते आणि मागचा खांदा अडतो. अशा कोयत्याला कितीही वेळ कडेवर घासलं तरी काम सुधारत नाही. खांदा उतरवावा लागतो. धार लावण्यातला मोठा भाग हा आहे आणि नेमका तोच टाळला जातो, कारण त्याला वेळ लागतो आणि लगेच काही दिसत नाही.

सुरुवात बघण्यापासून करावी. पातं धुऊन, पुसून, कड वर करून उन्हाकडे धरायचं आणि हळूहळू कलतं करायचं. चांगली धार दिसत नाही, कारण प्रकाश परतवायला तिथे जागाच नसते. जिथे पांढरी चकाकणारी रेघ दिसते तिथे कड गोल झालेली आहे. ही रेघ नीट वाचता आली तर अर्धं निदान तिथेच होतं. सलग, बारीक, एकसारखी रेघ असेल तर ती झीज आहे. गवत आणि भात कापणाऱ्या विळ्यावर ती हमखास दिसते. भाताच्या वाळलेल्या पेंढ्यात वजनाच्या साधारण दशांशाएवढी सिलिका असते, काही वेळा त्याहून जास्त, आणि ती कड खात राहते. माणगा बांबूची सालही त्याच कारणाने धार लवकर घालवते. रेघेऐवजी मध्येच चमकणारे ठिपके दिसले तर ते खांडे, म्हणजे कडेला पडलेल्या खाचा, बहुधा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यावर किंवा गवतात लपलेल्या खडकावर पातं लागल्याचे. रेघ एका बाजूने चमकते आणि दुसऱ्या बाजूने बोटाला खरखर लागते, तेव्हा कड दुमडलेली असते. म्हणजे एक तर लोखंड नरम आहे, नाहीतर त्या कामासाठी कोन फार निमुळता ठेवला गेला आहे. आणि कडेवर चमक नाही, नुसता तांबूस खरबरीतपणा आहे, तर तो गंज. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत न वापरलेलं पातंही महिन्याभरात बोथट होतं, कारण गंज सगळ्यात आधी सगळ्यात पातळ जागा खातो.

या चारही गोष्टींवर इलाज वेगळे. झिजलेल्या कडेला बारीक दगड पुरतो. खांड्यांना कानस लागते. दुमडलेल्या कडेला कोन वाढवावा लागतो. गंजलेल्याला आधी साफसफाई.

आता दगड. आपल्याकडे पायाखाली सगळीकडे दगड आहे, पण धारेच्या कामाचा थोडा. जांभा सच्छिद्र आणि असमान असतो. त्याचे कण सुटतात, मध्ये टणक खडे येतात आणि पात्यावर ओरखडे उठतात. काळा कातळ टणक असला तरी त्यात गारगोटीतला मोकळा क्वार्ट्‌झ नसल्यासारखाच. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून-बुडवून कडक केलेल्या पोलादापुढे त्याची कठीणता जेमतेम बरोबरीची, म्हणून तो सुरुवातीला चावतो आणि थोड्याच दिवसांत गुळगुळीत होऊन नुसता घसरतो. विहिरीकाठच्या जुन्या काळ्या दगडावर कोयता चमकतो आणि तरी कापत नाही, त्याचं कारण हेच. वालुकाश्म चांगला, कारण त्यातले क्वार्ट्‌झचे कण कठीणतेच्या मापावर ७ ला बसतात आणि झिजले की सुटून खालचे नवे कण वर येतात. सिंधुदुर्गात काही ठिकाणी असा वालुकाश्म उघडा पडलेला आहे. एकसारख्या बारीक कणांचा, भेग नसलेला तुकडा मिळाला तर तो जपून ठेवण्यासारखा.

कुरुंद हे खनिज त्याही पुढचं. त्याची कठीणता ९, नेहमीच्या खनिजांत हिऱ्याच्या खालोखाल. पूर्वी कुरुंदाची पूड लाखेत बांधून घासणीची चाकं करत. आज हार्डवेअरच्या दुकानात जो काळा-करडा दगड मिळतो तो सिलिकॉन कार्बाइडचा. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन यांना विजेच्या भट्टीत हा पदार्थ मिळाला आणि त्यांनीच त्याला कार्बोरंडम हे नाव दिलं. मद्रासला १९५४ मध्ये त्या नावाची कंपनी सुरू झाली. आपल्याकडे आता कुठल्याही कंपनीचा असला तरी दगड ‘कार्बोरंडमचा’च असतो. घ्यायचा तो ८ इंच लांब, २ इंच रुंद, १ इंच जाड, एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक. भरड बाजू १२० नंबरच्या आसपास, म्हणजे कण साधारण एक दशांश मिलिमीटरचे. बारीक बाजू २४० ची असेल तर कण त्याच्या निम्म्याहून लहान. कोयत्याला यापुढे जाण्यात फारसा लाभ नाही. फांदी तोडणाऱ्या कडेला थोडी सूक्ष्म खरखर राहिलेलीच बरी, ती ओल्या लाकडात पकड घेते. माडी काढणाऱ्याची कोयती मात्र अपवाद. तिथे पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं टोक दररोज कागदाएवढं पातळ तासायचं असतं. धार जरा कमी पडली की पेशी चिरडतात आणि रस मंदावतो. तिला ८०० किंवा १००० नंबरचा दगड लागतो, त्यानंतर चामडं.

विकत घेताना दगड दोन बोटांवर सैल तोलून दुसऱ्या हाताने लाकडी दांड्याने हलकेच टिचकावा. अखंड दगड खणखणतो, भेगाळलेला बद्द वाजतो. आणखी एक लहान दगड घ्यावा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता. तो का, हे पुढे येतंच.

पाणी की तेल, यावर लोक उगाच भांडतात. दोन्ही चालतात, पण एका दगडाला एकच. तेल प्यायलेल्या दगडावर पाणी ठरत नाही. मी पाण्याच्या बाजूचा आहे. पाणी घरात, शेतात, पऱ्यावर (ओढ्यावर) सगळीकडे असतं आणि दगड धुतला की पुन्हा मोकळा होतो. तेलच वापरायचं तर पातळ खनिज तेल घ्यावं. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, थंडीतल्या सकाळी ते दगडाच्या छिद्रांत बसतं आणि दगड बंद पडतो. जवसाचं तेल तर सुकून थरच होतो. पाण्याचा दगड आधी दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा, बुडबुडे यायचे थांबले की तयार. घासताना काळी मळी साचते, तिच्यात सुटलेले कण आणि पोलादाचा कीस असतो. थोडी मळी राहू द्यावी, ती काम करते. दगड घसरू लागला की धुवावी. खारं पाणी वापरू नये, मीठ पात्यावर राहतं.

कोन मोजायला कोणतंही साधन लागत नाही, पात्याची रुंदीच पुरते. कड ते पाठ हे अंतर घ्या. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ त्या रुंदीच्या निम्म्याने उचलली, तर कोन ३० अंशांचा होतो. एक तृतीयांशाने उचलली तर साडेएकोणीस. एक चतुर्थांशाने उचलली तर साडेचौदा. पातं सहा सेंटिमीटर रुंद असेल तर ही उंची अनुक्रमे ३ सेंटिमीटर, २ सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर. तेवढ्या जाडीचा लाकडाचा ठोकळा कापून जवळ ठेवावा आणि मधूनमधून पाठीखाली सरकवून पाहावा. हाताला सवय झाली की ठोकळा बाजूला पडतो. हे कोन एका बाजूचे आहेत, दोन्ही बाजू मिळून दुप्पट.

गवताच्या विळ्याला एका बाजूने १५ ते २० अंश. झावळ्या, केळी, बेणणी, कोवळे टहाळ यांना २० ते २५. सरपण, वाळका बांबू, खैर-सुरूसारखं कठीण लाकूड यांना २५ ते ३०. आणि यात एक बारकावा आहे, तो जाणकार लोहाराच्या हातच्या कोयत्यात स्पष्ट दिसतो. कोयता म्हणजे एका पात्यात तीन अवजारं असतात. मुठीजवळच्या चार बोटांनी आपण खुंट्या टोकदार करतो, चोया काढतो. तिथे बळ कमी आणि ताबा जास्त, म्हणून २० अंशांची निमुळती धार. त्यापुढचं पोट घाव घालतं, तिथे २५ ते ३०. टोकाची चोच वेली ओढायला, कांटेरी फांद्या जवळ घ्यायला. ती जमिनीवर, दगडावर लागते म्हणून तिची कड थोडी जाड राहिलेलीच बरी. मुठीपासून चोचीपर्यंत जाताना पाठ किंचित उचलत नेली की हे तिन्ही कोन आपोआप एकमेकांत मिसळतात.

मोठं पातं दगडावर फिरवण्यापेक्षा दगड पात्यावर फिरवणं सोपं आणि नेमकं. कोन तोच, फक्त पाठ उचलण्याऐवजी दगड तेवढा कलता धरायचा. गुडघ्याएवढ्या उंचीचा ओंडका घ्यावा, त्याच्या वर एक खाच. पाट घेऊन बसावं, मूठ आपल्याकडे, पातं ओंडक्यावर आडवं, कड आपल्यापासून दूरच्या बाजूला आणि ओंडक्याच्या काठाबाहेर बोटभर निघालेली. मूठ डाव्या हाताने किंवा गुडघ्याखाली पक्की. पातं हललं की कोन हलतो. दगड उजव्या हातात, बोटं त्याच्या दोन्ही कडांवर, आणि एकही बोट दगडाच्या खालच्या पृष्ठाच्या खाली उतरलेलं नको. पहिल्यापासून दगडाच्या हातात चामड्याचा मोजा घालावा. तिरपं ऊन असेल अशा वेळी बसावं, सकाळी नाहीतर उतरत्या दुपारी, म्हणजे चमकणारी रेघ दिसत राहते.

आता कडेलगतच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ ओढायची. मार्कर नसेल तर दिव्याची काजळी. चार-पाच हात मारून बघा काळं कुठून गेलं. वरच्या, खांद्याकडच्या भागातून गेलं असेल तर दगड फार आडवा आहे. नुसतं कडेवरून गेलं असेल तर फार उभा आहे. सगळीकडून सारखं गेलं तर कोन जुळला. धार लागत नाही अशी तक्रार असते, तेव्हा दहांपैकी बहुतेक जणांचा दगड कडेपर्यंत पोचलेलाच नसतो. ते खांदा चमकवत बसतात आणि कड तशीच राहते. काळी रेघ हे एका मिनिटात उघड करते.

खांदा जाड असेल तर आधी भरड बाजूने १२ ते १५ अंशांवर तो उतरवायचा. हे वर्षातून एक-दोनदा करावं लागतं, एका कोयत्याला तासभर सहज जातो. लहान गोल फेरे, प्रत्येक फेरा आधीच्यावर अर्धा चढलेला, मुठीपासून चोचीपर्यंत. एका जागी वीस-पंचवीस फेरे झाले की पुढच्या दोन बोटांवर. थांबून बघायचं, पुन्हा. दोन्ही बाजू सारख्या उतरवायच्या. कड दिसेनाशी होऊ लागली, म्हणजे उतार जवळजवळ कडेला भिडला, की थांबायचं.

मग खरी धार. कोन ठरल्याप्रमाणे उचलून भरड बाजूनेच पुन्हा फेरे, आता दाब तीन-चार किलोचा असू द्या. काही मिनिटांत पलीकडच्या बाजूला कडेशी अतिशय बारीक खरखर येते. वर्कशॉपमध्ये त्याला बर म्हणतात. कडेचं लोखंड इतकं पातळ झालंय की दगडापुढे ते वाकून पलीकडे गेलंय, अशी ती खूण. ती तपासायची ती अंगठा पाठीकडून कडेकडे आडवा सरकवून, कडेच्या लांबीने कधीच नाही. बोटांची कातडी राठ असेल तर कापसाचा बोळा त्याच दिशेने फिरवावा, बर असेल तिथे तंतू अडकतात. मुठीपासून चोचीपर्यंत एकही जागा न सोडता बर आली पाहिजे. तीन जागी आली आणि दोन जागी नाही, तर त्या दोन जागा अजून बोथटच आहेत. बाजू बदलायची घाई करू नये. पूर्ण बर आली की कोयता उलटायचा आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच काम, बर परत या बाजूला येईपर्यंत.

पुढचा भाग हळुवार हाताचा. दगड उलटून बारीक बाजू घ्यायची. फेरे सोडून आता सरळ हात, कडेकडून पाठीकडे जाणारे. एका बाजूने दहा, दुसऱ्या बाजूने दहा. मग पाच-पाच, तीन-तीन, आणि शेवटी एक-एक आळीपाळीने. दर टप्प्याला दाब कमी, शेवटच्या हातांना दगडाच्या स्वतःच्या वजनाशिवाय काही नको. हा दगड सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, तेवढं पुरतं. बर मोडून पडायला हवी, एका बाजूकडून दुसरीकडे नुसती लोळत राहायला नको. राहिलेली बर फसवी असते. ती नखात रुतते, कागदही कापते, आणि पहिल्या फांदीवर मुडपून कडेवर आडवी पडते. ‘कालच धार लावली आणि आज गेली’ असं होतं त्यामागे बहुधा हीच राहून गेलेली बर असते. दोष लोखंडाचा म्हणून कोयता बाजूला पडतो, आणि खरं तर शेवटची दोन मिनिटं कमी पडलेली असतात.

शेवटी सावरीच्या किंवा पांगाऱ्याच्या मऊ लाकडाच्या फळीवर, नाहीतर जुन्या चामडी पट्ट्यावर, पातं कड मागे ठेवून पाच-सात वेळा दोन्ही बाजूंनी ओढावं. पाठ पुढे, कड मागे. उलट ओढलं तर पट्टा कापला जातो.

आत वळलेल्या कडेचं गणित वेगळं. विळ्याचं आणि पुष्कळ कोयत्यांच्या चोचीजवळचं वळण आत जातं. तिथे २ इंच रुंद सपाट दगड मधल्या खोलगट भागाला लागतच नाही, दोन टोकं झिजवतो आणि हळूहळू वळण बदलतो. तिथे तो होडीसारखा दगड लागतो, नाहीतर मोठ्या दगडाची गोल केलेली कड. हात लांब मारायचे, एकाच जागी नाही. काही कोयत्या आणि विळ्या एकाच बाजूने उतार दिलेल्या असतात, दुसरी बाजू सपाट. तिथे सगळं काम उताराच्या बाजूने करायचं आणि सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बर काढायची. सपाट बाजूला चुकूनही कोन दिला की ते पातं चालताना एका अंगाला पळू लागतं आणि ते परत सरळ करायला बरंच लोखंड घालवावं लागतं. दातेरी विळ्याचे दाते एका बाजूला छिन्नीने कोरलेले असतात. ती बाजू सोडून पलीकडच्या सपाट बाजूवर दगड फिरवावा, कड पुढे सरकते तशी दातांची टोकं पुन्हा टोकदार होतात. दातांच्या बाजूने घासलं तर दातेच जातात.

खांड्यांबद्दल. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे खांडे दगडानेच जातात. त्याहून खोल असतील तर १० इंची चपटी कानस घ्या. कानस पुढे ढकलताना कापते, मागे आणताना उचलायची, नाहीतर तिचेच दात बोथट होतात. ती कोरडी वापरायची. कानस पात्यावरून काचेवरून गेल्यासारखी घसरली तर पाणी कडक आहे, तिथे कानस खराब करू नये, भरड दगडच बरा. आणि एखादा खांडा दोन-तीन मिलिमीटर खोल असेल तर तो एका बैठकीत घालवायचा हट्ट नको. त्यासाठी सगळी कड तेवढी मागे न्यावी लागते आणि कोयत्याचं बरंच आयुष्य जातं. त्या जागेच्या दोन्ही बाजू गुळगुळीत करून ठेवाव्या, दर वेळी धार लावताना तो थोडा थोडा उथळ होत जातो. एक खांडा असलेला कोयता उत्तम काम करतो.

हातग्राइंडर हे आजचं मोठं संकट आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ४ इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरते. कडेजवळचं लोखंड इतकं पातळ असतं की उष्णतेला मागे जायला वाट मिळत नाही. हाताला पातं गरम लागायच्या आत कड २२०-२३० अंशांना फिकट पिवळी होते, २८० च्या पुढे जांभळी आणि ३०० च्या आसपास निळी. निळा रंग आला तिथलं पाणी बहुतेक कोयत्यांत उतरलेलं असतं. रंग लगेच घासून काढला तरी नरमपणा राहतो, आणि ती जागा दर वेळी आधी दुमडते. दगडाने असं होऊच शकत नाही. लोखंड काढायला तो सावकाश आहे, आणि ती सावकाशी इथे फायद्याची आहे, कारण चूक व्हायच्या आधी ती डोळ्यांना दिसते. ग्राइंडरशिवाय गत्यंतरच नसेल तर चकती कडेपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबवावी, दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवावं, आणि कडेपर्यंतचं काम दगडाने करावं.

झालेली धार तपासायला कागद कामाचा नाही, कोयता कागदासाठी नसतो. वईतल्या गिरिपुष्पाची अंगठ्याएवढी ओली फांदी घ्यावी, साधारण ४५ अंशांत एकच घाव. तुटलेलं तोंड बोटाने चाचपा. गुळगुळीत आणि ओलसर चमक असेल तर धार बरोबर. तोंडावर एकाच दिशेने जाणारी उंचवटी रेघ असेल तर त्या जागी खांडा राहिलाय. साल खालच्या बाजूने सोलली जात असेल तर खांदा अजून जाड आहे. आंब्याच्या, काजूच्या छाटणीत हे तोंड झाडासाठीच महत्त्वाचं. चिरडलेल्या, फाटलेल्या तोंडात पाणी साचतं आणि तिथून कूज आत शिरते. बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची असली तरी ती स्वच्छ घावावरच नीट बसते.

शेतात दिवसभराचं काम असेल तर लहान दगड आणि करवंटीत पाणी जवळ ठेवावं. गवत कापताना अर्ध्या तासाने पाच-सहा हलके हात मारले की संध्याकाळचं मोठं काम वाचतं. पूर्ण बोथट झाल्यावर धार लावायला जो वेळ जातो त्याच्या कितीतरी कमी वेळात जिवंत धार टिकवता येते. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, जोर जास्त म्हणजे ताबा कमी, आणि घसरलेला कोयता बहुधा नडगीवर किंवा फांदी धरलेल्या हातावर येतो.

चीक हा आपल्याकडचा वेगळा त्रास. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, उलट पसरतो. आधी खोबरेलाचा बोळा फिरवावा, मग चुलीतल्या राखेने घासावं, मग पाणी. आंब्याचा आणि काजूचा चीक पात्यावर रात्रभर राहिला तर काळे डाग पडतात आणि पुढे त्याच जागी गंज बसतो. कोकम कापलं असेल तर आंबटाने पातं काळवंडतं, ते लगेच धुवावं. ओला चीक दगडावर गेला की दगडाची छिद्रं बुजतात, म्हणून आधी पातं साफ आणि मगच दगड.

दगडालाही देखभाल लागते. मध्ये खड्डा पडू लागला की तो सपाट करावा, नाहीतर कड लाटेसारखी होते. सिमेंटच्या कोब्यावर मूठभर ओली जाड वाळू टाकून दगड पालथा घालायचा आणि आठाच्या आकड्यात घासायचा. दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखून घ्याव्या, शेवटची रेघ गेली की सपाट झाला. पावसाळ्यात ओला दगड उन्हाअभावी चुलीशेजारी वाळवावा, पण विस्तवाला लागून नको, एकदम तापला तर तडकतो.

पात्याला पाणी राहू देऊ नये. कोरडं पुसून, चुलीच्या उबेला धरून, खोबरेलाचं बोट फिरवून मगच टांगावं. पावसाळ्याचे चार महिने न लागणारं पातं असेल तर तेलाचा थर जाडसर द्यावा आणि आठवड्याने एकदा बघावं. कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा चिरलेला तुकडा किंवा उभा फाडलेला बांबू बसवावा, मात्र भर पावसात तो काढून ठेवावा, आत ओल धरते. कमरेच्या आकडीत कोयता लटकवून माडावर चढणाऱ्याची आकडी आणि मूठ, दोन्ही आधी हलवून पाहावीत. मे महिन्यात लाकूड आकसतं आणि पावसात फुगतं, त्यामुळे मूठ उन्हाळ्यात सैल होते. सैल मुठीच्या कोयत्याला धार लावूच नये, आधी मूठ पक्की करावी.

आणि एक वेळ अशी येते की दगडाचं काम संपतं. पातं झिजून अरुंद झालं, कडेजवळचं पाणी दिलेलं लोखंड संपलं, आता कड दर दोन दिवसांनी दुमडते. मग ते लोहाराकडे शेवटायला, म्हणजे तापवून-ठोकून कड नव्याने काढायला द्यायचं. ट्रकच्या स्प्रिंग-पाट्याच्या पोलादाचे कोयते पुन्हा पुन्हा भट्टीत जाऊ शकतात. देताना लोहाराला नुसतं ‘धार लाव’ म्हणू नये. कोयता कशाला वापरतो ते सांगावं, झावळ्या की सरपण की माडी. कड कुठे दुमडते ती जागा खडूने दाखवावी, मुठीजवळची चार बोटं पातळ हवी असतील तर तसं सांगावं, आणि धार घरी दगडावर लावणार आहोत, ग्राइंडर मारू नको, हे आवर्जून सांगावं. पाणी देऊन झाल्यावर तो पातं हातात देईल तेव्हा कडेशी बोटभर रुंदीचा खडबडीत काळा पट्टा असेल. घरी येऊन भरड बाजू भिजत घालावी, तो पट्टा १५ अंशांवर उतरवायला पहिली बैठक जाईल, धार दुसऱ्या बैठकीत.